उत्तरपत्रिका परत द्यायला काय हरकत आहे?

सेमिस्टरच्या पेपरांचा गठ्ठा तपासून जमा केला त्याला चार दिवस झाले, पण त्यातला एक पेपर अजून डोक्यातून जात नाहीये. मी स्टॅटिस्टिक्स शिकवते. प्रश्न नेहमीचाच होता, सहसंबंध (दोन गोष्टी बरोबरीने बदलणं) आणि कार्यकारणभाव (एकीमुळे दुसरी घडणं) यातला फरक उदाहरणासह स्पष्ट करा, १० मार्क. या विद्यार्थ्याने (किंवा विद्यार्थिनीने, माझ्यासमोर फक्त नंबर असतो) आधी पाठ केलेली व्याख्या लिहायला घेतली, अर्ध्यात सोडली, त्यावर काट मारली आणि खाली स्वतःचं उदाहरण मांडलं. मुलांच्या पायाचं माप जसं मोठं तसा त्यांचा वाचनाचा वेग जास्त, पण पाय वाढल्याने वाचन सुधारत नाही, दोन्ही वयामुळे वाढतात. वा! आणि मग शेवटची ओळ, "म्हणून इथे सहसंबंध नाही."

अरे आहे की सहसंबंध! चांगला भक्कम आहे. नाहीये तो कार्यकारणभाव. एवढी एक ओळ समासात लिहिली असती तर त्या पोराला हा फरक जन्मात विसरायला झाला नसता, कारण नव्वद टक्के वाट तो स्वतःच चालून आला होता. पण मॉडेल आन्सरमध्ये व्याख्यांना ३-३ मार्क, उदाहरणाला २, निष्कर्षाला २. व्याख्या खोडलेल्या, निष्कर्ष चूक. थोडं सैल धरून मी ४ दिले. त्याच गठ्ठ्यात नोट्समधलं उत्तर जसंच्या तसं उतरवणाऱ्यांना ८ मिळाले, आणि त्यातल्या कितीजणांना फरक कळलाय हे मला शपथेवर सांगता येणार नाही. आता तो ४ सुद्धा त्याला दिसणार नाही, एकूण बेरजेत मिसळून जाईल, आणि मला दिसलेली चूक माझ्याजवळच राहील. तो पेपर पुन्हा त्याच्या हातात जाणारच नाही, पैसे भरून कॉपी मागवली तरच, आणि ती मागवतात ते मार्क वाढतील का बघायला.

मी शिकवायला लागल्यापासून परीक्षेत किती सुधारणा झाल्या त्याची यादी काढली तर पान भरेल. वार्षिकचं सेमिस्टर झालं, मग इंटर्नलचे (आम्हीच कॉलेजात द्यायचे) मार्क आले, मग मार्कांच्या ग्रेड झाल्या, क्रेडिट आले, नंतर प्रत्येक प्रश्नापुढे कोर्स आउटकमचा (विषय शिकून मुलाला काय यायला हवं त्याचा) नंबर आणि ब्लूमची लेव्हल (प्रश्नाला विचाराची कुठली पायरी लागते ती) लिहायची पद्धत आली. यातलं काहीच वाईट हेतूने आलेलं नाही, हे मी मनापासून म्हणतेय. पण या सगळ्यात पेपर तपासून झाल्यावर त्याचं पुढे काय होतं याला कुणी हात लावला नाही. तो आधीही कपाटात जायचा, आताही जातो.

ब्लूमचंच बघा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम स्वतः शिकागो विद्यापीठात परीक्षांचं काम बघायचे आणि १९५६ साली आलेली शिकण्याच्या उद्दिष्टांची ती प्रसिद्ध वर्गवारी कॉलेज-विद्यापीठांच्या परीक्षकांच्या समितीनेच तयार केली होती, म्हणजे ती आपल्यासारख्या पेपर काढणाऱ्या लोकांच्याच गरजेतून आलेली गोष्ट आहे. आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण वगैरे पायऱ्या करून ठेवल्या की आपण नेमकं काय तपासतोय हे परीक्षकाला स्वतःशी स्पष्ट व्हावं. आपण काय केलं तर "स्पष्ट करा" खोडून "विश्लेषण करा" लिहिलं आणि पुढे लेव्हल ४ टाकली. पण ते विश्लेषण मी वर्गात फळ्यावर करून दाखवलेलं असेल, नोट्समध्ये असेल, मागच्या तीन पेपरांत येऊन गेलेलं असेल, तर मुलांसाठी तो आठवण्याचाच प्रश्न ना? लेव्हल प्रश्नाच्या क्रियापदात नसते, मुलाने ते आधी पाहिलंय की नाही यावर ती ठरते. मीटिंगमध्ये हे मी दोनदा बोलले, दोन्ही वेळा सगळ्यांनी मान डोलावली आणि फॉरमॅट तसाच पुढे गेला.

आणि मार्कांवर आपला जो विश्वास आहे ना, त्याबद्दल पण बोलायला हवं. १९१२ मध्ये स्टार्च आणि एलियट नावाच्या दोन अमेरिकन अभ्यासकांनी इंग्रजीचा एकच पेपर वेगवेगळ्या शाळांतल्या शिक्षकांना तपासायला पाठवला होता, १४२ जणांनी तपासून दिलेले मार्क त्यांनी मांडले तर १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत सगळं होतं. लोक म्हणाले भाषेचा विषय आहे, होणारच. मग त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीचा पेपर घेतला, तिथे फरक अजून जास्त निघाला! कारण पायरी बरोबर पण उत्तर चूक याला किती, आकृती गचाळ आहे त्याचे कापायचे का, हे प्रत्येकाचं वेगळं.

हे वाचल्यावर मी आणि एक सहकारी सरांनी आमच्या वर्गाचे १० टेस्ट पेपर झेरॉक्स काढून, नावं झाकून, वेगवेगळे तपासले. आम्ही दोघं एकाच मॉडेल आन्सरवरून काम करत होतो, दोघांचीही वीस वर्षांच्या आसपास नोकरी. सहा पेपरांत १-२ मार्कांचा फरक, तीनमध्ये जरा जास्त, आणि एकात सरांनी १५ पैकी ११ दिलेले, मी ६. सर म्हणाले मॅडम, याला विषय कळलाय. मी म्हणाले कळलाय पण लिहिलं कुठेय? अर्धा तास आम्ही त्या एका पानावर बोललो आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत परीक्षेबद्दल इतकं उपयोगी बोलणं मी कुठल्याच ट्रेनिंगमध्ये ऐकलं नव्हतं. तेव्हापासून मी अख्खा पेपर सलग तपासत नाही. सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा, कारण एक फार वाईट पेपर हातातून गेला की पुढचा साधासुधा पण चांगला वाटायला लागतो, आणि पहिलं उत्तर छान असेल तर दुसऱ्यातल्या चुका डोळ्याआड होतात. प्रश्नाप्रश्नाने तपासलं तर हे पूर्ण जात नाही, पण कमी होतं.

परीक्षाच नकोत म्हणणाऱ्यांपैकी मी अजिबात नाही. उलट परीक्षा अजून जास्त हव्यात, फक्त लहान आणि कमी वजनाच्या. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग आहे, कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला, एका गटाने तो चार वेळा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने तपासलं तर वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ६१. म्हणजे टेस्ट देणं हेच शिकणं आहे, ते मोजायचं साधन आहे ते नंतर. आणि आपण वर्षातून दोनदा एकदम मोठी टेस्ट घेतो, तीही अशी की त्यानंतर विषयच संपतो. इंटर्नलमधून हे व्हायला हवं होतं, पण इंटर्नलमध्ये सगळ्यांना २० पैकी १७-१८ द्यायची रीत पडली आणि त्या आकड्यातून काही कळेनासं झालं.

मार्क आणि शेरे यांचं गणित पण गमतीचं आहे. रूथ बटलर या संशोधकांनी १९८८ मध्ये इस्राएलच्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास आहे, काहींना फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांचं नाही! आकडा दिसला की शेरा कुणी वाचत नाही असं मला वाटतं, आणि कॉलेजातली पोरं यात शाळेतल्या पोरांपेक्षा वेगळी नाहीत, हा माझा रोजचा अनुभव. अमेरिकेतल्या एमआयटीसारख्या नामांकित विद्यापीठात १९६८ पासून पहिल्या वर्षाला नुसतं पास-नापास ठेवून बघितलं होतं, त्यामागे पण आकड्याचं दडपण कमी व्हावं हाच विचार होता.

मग मी या सेमिस्टरला माझ्या हातात होतं तेवढं केलं. दोन्ही क्लास टेस्टचे पेपर मार्क न लिहिता, फक्त शेरे लिहून परत दिले आणि सांगितलं की तीन दिवसांत चुकलेली उत्तरं दुरुस्त करून, का चुकलं ते दोन ओळीत लिहून आणा, गेलेल्या मार्कांतले अर्धे परत मिळतील. पहिल्या वेळी वर्ग चिडला. "मॅडम, मार्क सांगा ना आधी." दोघीतिघी तर रडकुंडीला आल्या होत्या, मलाही वाईट वाटलं. काहींनी शेजाऱ्याचं उतरवून आणलं, ते कळतंच. पण बऱ्याच जणांनी खरंच बसून लिहिलं होतं. दुसऱ्या टेस्टनंतर पोरं स्टाफरूमच्या दाराशी पेपर घेऊन उभी राहायला लागली आणि विचारायला लागली की मॅडम इथे तुम्ही बाण काढलाय तो कशासाठी, आणि मार्क किती हे त्यात कुणी विचारलं नाही.

वेळ लागतो, हो. ६० पेपर, प्रत्येकी दोन मिनिटं जास्त धरली तरी दोन तास, आणि दुरुस्त्या तपासायला परत तेवढेच. ज्यांच्याकडे १५० चा वर्ग आहे त्यांना मी हे करा असं सांगू शकत नाही, त्यांना आधी माणसं द्यायला हवीत. पेपर परत दिले तर भांडणं होतील असंही म्हणतात. होतात. माझ्याशी चौघं भांडले, त्यातल्या एकाचं बरोबर होतं, मी बेरीज चुकले होते.

पुढच्या आठवड्यात विभागाची मीटिंग आहे, विषय परत तोच, इंटर्नलचं वजन किती ठेवायचं, ३० की ४०. मी त्या १५ मार्कांच्या पेपरच्या, सरांनी ११ आणि मी ६ दिलेल्या, आठ झेरॉक्स काढून ठेवल्यात. चर्चा सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी तो आपापला तपासायचा, मार्क चिठ्ठीवर लिहायचे आणि खाली त्या मुलाला द्यायची एक ओळ लिहायची. चिठ्ठ्या उघडल्यावर मग ३० की ४० ते बोलू.