धूळ धरूलालो

आमच्या घरात टीव्हीवर बोटानं लिहिता येतं. भाचीनं एकदा 'मामा' असं लिहून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी ते बुजलं. कुणी पुसलं म्हणून नव्हे, तर वरून नवी धूळ बसली म्हणून.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागाच्या कडेला राहतो. गल्लीत मागाचे दोन कारखाने आहेत आणि समोरचा रस्ता सदैव कशासाठी तरी खोदलेला असतो. कधी पाण्याची लाइन, कधी ड्रेनेज, कधी केबल. खड्डा बुजवतात, पण वरची माती तशीच पसरून राहते आणि रिक्षा, टेम्पो, दुचाक्या दिवसभर तिचं पीठ दळतात. 2019 साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, तेव्हा हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत सोलापूरही होतं. आईला ही बातमी सांगितली तर ती म्हणाली, "त्यासाठी यादी कशाला पाहिजे? आपला टीव्ही बघितला असता की."

पण माझ्या डोक्यात हवेचा फिल्टर शिरला तो टीव्हीमुळे नाही, बाबांच्या खोकल्यामुळे. बाबांनी तीस वर्षं माग चालवला. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळीवर, हातावरच्या केसांवर कापसाची पांढरी लव असायची. लहानपणी मला वाटायचं, बाबा रोज थोडे थोडे म्हातारे होऊन येतात आणि आंघोळ करून पुन्हा तरुण होतात. कापसाच्या धुळीनं छाती आवळते आणि सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी ती जास्त आवळते, या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात, हे मी फार उशिरा वाचलं. बाबांना ते आहे का, हे कधी कुणी नीट तपासलं नाही. ते स्वतः 'साधा खोकलाय' एवढंच म्हणतात. रात्री दोन वाजता तो साधा खोकला भिंतीपलीकडून ऐकू येतो.

दुकानातल्या प्युरिफायरची किंमत बघून मी पंख्याखाली बसलो आणि मोबाइलवर शोधाशोध केली. तिथे कोर्सी-रोझेन्थाल बॉक्स सापडला. 2020 मध्ये, करोनाच्या दिवसांत, रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थाल या दोघा अमेरिकनांनी सुचवलेली ही जोडणी आहे. चार-पाच चौकोनी फिल्टर चिकटपट्टीनं जोडून डबा करायचा आणि वर खिडकीत ठेवायचा चौकोनी पंखा बसवायचा. पंखा डब्यातली हवा वर फेकतो, म्हणून खोलीतली हवा चारही बाजूंनी फिल्टरमधून आत ओढली जाते. संपलं. एवढ्या सोप्या गोष्टीला दोन माणसांची नावं लागली याचं मला बरं वाटलं. आपल्याकडे असतं तर 'जुगाड' म्हणून मोकळे झालो असतो.

पहिला प्रयोग मात्र मी सोलापूरच्या अभिमानाखातर केला. ज्या गावाचा टॉवेल जगभर जातो, त्या गावात फिल्टर विकत कशाला आणायचा? टेबल फॅनला मागून एक जाड टॉवेल बांधला. फॅन घुसमटला, मोटर गरम झाली, हवा यायची ती नावालाच, आणि अर्ध्या तासानं टॉवेलमधूनच लव उडायला लागली. म्हणजे धूळ धरायला ठेवलेला पहारेकरीच धूळ सांडत होता. नंतर हिशेब कळला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा आणि छातीत खोल उतरणारी धूळ अडीच मायक्रॉनच्या आतली. टॉवेलच्या विणीतली भोकं तिच्यासाठी वेशीएवढी. भोकं बुजवावीत तर पंख्याला दम नाही. म्हणूनच खऱ्या फिल्टरचा कागद मिटत्या हातपंख्यासारख्या घड्या घालून बसवलेला असतो. घड्यांमुळे थोड्या जागेत भरपूर कागद मावतो, हवेला ऐसपैस वाट मिळते आणि साध्या पंख्यालाही ती ओढता येते. चार बाजूंना चार फिल्टर लावायचे तेही त्याचसाठी.

अमेरिकेतले ते फिल्टर तिकडच्या घरं गरम करणाऱ्या भट्ट्यांचे. आपल्या घरांत भट्टी नाही, भट्टीत घर आहे. त्यामुळे मी गेलो गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. कारच्या एसीला आतल्या बाजूला एक फिल्टर असतो, वीतभर लांब-रुंद, घड्यांचाच.

"गाडी कुठली, मालक?"

"गाडी नाही."

"मग फिल्टर कशाला?"

"घराला."

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, पोऱ्याला हाक मारली आणि सगळ्यात चौकोनी दिसणारे चार काढून द्यायला सांगितलं. पुढच्या दुकानातून नऊ इंची एक्झॉस्ट फॅन घेतला. पुठ्ठा घरचाच, कडक भाकरीच्या पार्सलचा.

ओट्यावर बसून चिकटपट्ट्या लावत होतो तर शेजारच्या अक्का येऊन उभ्या राहिल्या. त्या घरी तेलुगू आणि आमच्याशी अस्सल सोलापुरी बोलतात.

"काय करूलालास रे?"

"धूळ धरूलालो, अक्का."

"धरून ठेवणार कुठं?" असं विचारून त्या निघून गेल्या. त्या प्रश्नाची धार मला पुढे कळायची होती.

फिल्टर चाळणीसारखा चालतो असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. त्याच्या तंतूंमधल्या फटी कितीतरी कणांहून मोठ्याच असतात. मग कण अडकतात कसे? संक्रांतीच्या वेळी गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानाच्या गर्दीत, बघा. धिप्पाड माणसाला पटकन वळता येत नाही, तो समोरच्यावर आदळतो. सुटलेलं पोरगं सैरावैरा धावतं आणि कुणाच्या ना कुणाच्या पायाला लागतं. मधल्या अंगाचा शहाणा माणूस मात्र गर्दीच्या ओघाबरोबर अलगद पार होतो. कणांचंही तसंच. मोठे आदळतात, अगदी बारके भिरभिरत येऊन चिकटतात, आणि 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे सगळ्यात अवघड. फिल्टरची परीक्षा त्यांच्यावरच घेतात. शिवाय पुष्कळ फिल्टरच्या तंतूंवर विजेचा भार दिलेला असतो, कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलतो तसा. या भाराचं पुढे काय झालं ते सांगतो.

फटी राहिल्यात का हे बघायला देव्हाऱ्यातली उदबत्ती आणली. धूर फिल्टरमधून आत जायला हवा. तो गेला एका कोपऱ्यातल्या फटीतून, सरळ, रांग मोडून पुढे घुसणाऱ्या माणसासारखा. हवा नेहमी सोपी वाट बघते. चिकटपट्टीचा आणखी अर्धा रोळ संपवला. मग लक्षात आलं की ज्या उदबत्तीनं मी फिल्टर तपासत होतो, तिचा धूरच मुळात त्या बारीक कणांचा, आणि ती बाबांच्या खाटेपासून चार हातांवर रोज दोनदा लागते. आईला हे सांगायचं धाडस दोन दिवसांनी केलं. उदबत्ती बंद झाली नाही. ती तुळशीपाशी, अंगणात गेली. आमच्या घराच्या मानानं हा फार मोठा तह होता.

डबा बाबांच्या खोलीत, दार-खिडकी लावून, रात्रभर चालायला लागला. आवाज होतो, पण मागाच्या खटखटाटात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला त्याचं काही नाही. उलट आवाजानं झोप लागते म्हणाले. खोकला कमी झाला का? मला वाटतं झाला. पण मी फिल्टर बनवलाय, त्यामुळे मला तसं वाटणारच. आईचं म्हणणं वेगळं होतं. आठ दिवसांनी तिनं टीव्हीवरून बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. बोट काळंच होतं. टीव्हीवर बसते ती जाडी धूळ. ती डब्यापर्यंत पोचायच्या आधीच खाली बसते. डबा पकडतो ती तरंगणारी, न दिसणारी. म्हणजे दिसणारी धूळ आईच्या फडक्याकडे, न दिसणारी माझ्याकडे. या वाटणीत श्रेय कुणाला मिळणार हे उघड होतं.

महिन्याभरानं फिल्टर उघडून बघितले. पांढरे आणले होते, करडे झाले होते. घड्यांमध्ये मऊ थर होता. उजेडात धरला तर त्यात बारीक रंगीत धागे दिसले, लाल, हिरवे, एखादा निळा. आमच्या अंगावरच्या चादरींचे रंग. रस्त्याला आणि कारखान्याला मी इतके दिवस शिव्या घालत होतो, पण त्या थरात आमचाही वाटा होता. बाबांनी तो थर चिमटीत घेतला, बोटांवर चोळला आणि म्हणाले, "ह्यात सूत आहे." तीस वर्षांच्या बोटांना विचारावं लागत नाही.

एप्रिल आला आणि सगळं गणित फिसकटलं. पारा त्रेचाळीसवर, कूलरशिवाय जगणं नाही. कूलरला खिडकी उघडी लागते आणि डब्याला बंद. कूलर बाहेरची हवा ओली करून आत लोटणार आणि तिच्याबरोबर अख्खी गल्ली आत येणार. दोन रात्री मी दोन्ही चालवून बघितले, म्हणजे एका हातानं रांजण भरायचा आणि दुसऱ्या हातानं ओतायचा. तिसऱ्या रात्री बाबांनी कूलर निवडला. मीही तोच निवडला असता. डबा कोपऱ्यात गेला.

परवा पाण्याचा दिवस होता. पाच दिवसांनी नळ आला की आमच्याकडे घरातलं जे जे हलवता येतं ते धुतलं जातं. संध्याकाळी कामावरून आलो तर पंखा पुसून टेबलावर ठेवलेला, पुठ्ठा रद्दीत, आणि गच्चीवर दोरीला दोन चादरी, एक टॉवेल आणि मध्ये चिमटे लावलेले माझे चार फिल्टर. साबणाच्या पाण्यात भिजवून, ब्रशनं घासून, आधी कठड्यावर सतरंजीसारखे आपटून. विजेचा भार, घड्या, सगळं गेलेलं.

"किती घाण निघाली बघ," आई समाधानानं म्हणाली. "पार काळं पाणी."

पलीकडच्या गच्चीवरून अक्का ओरडल्या, "धुणं वाळत घातलंय माझं, अन् तुमची धूळ सगळी इकडं आली की!"