आमची वाटचाल: बंपरपासून ब्रीदरच्या नळीपर्यंत

वाळूजच्या आमच्या शेडमधून सुरुवातीला बाहेर पडायचे ते लोखंडी बंपर. थार असो, जिप्सी असो की बोलेरो, मागणी पुढच्या जाड पाइपाचीच. 2017 च्या डिसेंबरात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना अशा पाइपांवर, म्हणजे बुल बारवर, कारवाई करायला सांगितलं आणि आम्ही ते काम बंद केलं. ते योग्यच होतं. टक्कर झाली की गाडीचा पुढचा भाग चेपून दणका जिरवतो. पाइप बसवला की तोच दणका सरळ चेसिसवर जातो.

मग आम्ही घरच्या घरी बसवता येतील अशा किटकडे वळलो. पहिलं किट दिव्यांच्या वायरिंगचं. 55 वॉटचे दोन फॉग लॅम्प 12 व्होल्टवर सव्वानऊ अँपिअरच्या आसपास ओढतात. तेवढा करंट डॅशबोर्डच्या छोट्या स्विचमधून नेला की स्विच आधी गरम होतो, मग वितळतो. म्हणून किटमध्ये 30 अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), 15 अँपिअरचा फ्यूज आणि 2.5 स्क्वेअर एमएमची वायर असते. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरी, 87 ला दिवे, 86 ला स्विच, 85 ला अर्थ. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवा, कारण तो फक्त आपल्या पुढच्या वायरला वाचवतो. दिवे मंद वाटले तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंग बघा. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करा, बोल्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीवरचं व्होल्टेज आणि बल्बवरचं व्होल्टेज यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

पण आमचं खरं काम उभं राहिलं ते ब्रीदरच्या नळीवर. एक्सलवर बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते, तिच्यातून आतली हवा आत-बाहेर होते. तोच ब्रीदर. तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपल्या काळ्या मातीचा गारा तिच्यावर बसून वाळला की ती चोंदते. मग चालून चालून एक्सल तापतो, आतली हवा फुगते आणि ऑईल सीलमधून बाहेर ढकललं जाऊन ब्रेकच्या ड्रमपर्यंत पोचतं. याच्या उलटही होतं. तापलेली गाडी नदीच्या थंड पाण्यात उतरली की हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. फिलर प्लग, म्हणजे ऑईल भरायचं बूच, उघडून बोट घाला. ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. ते सगळं काढून नवीन भरावं लागतं, वरवरची भर घालून भागत नाही.

उपाय स्वस्त आहे. टोपी काढून तिथे नळीचा निपल बसवायचा, त्यावर ऑईल सोसणारी 8 एमएमची रबरी नळी चढवून क्लिप आवळायची आणि नळी ब्रेक पाइपाच्या बाजूने इंजिनच्या खोलीत एअर फिल्टरच्या उंचीला न्यायची. तोंडाला छोटा फिल्टर लावायचा. चुका ठरलेल्या असतात. नळी सायलेन्सरजवळून नेली की वितळते. मध्ये झोल राहिला की त्यात ऑईल साचून वाट बंद होते. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे नळी तोकडी कापणं. गाडी उभी असताना माप बरोबर वाटतं, पण खड्ड्यात एक्सल खाली लोंबला की नळी निसटते. म्हणून चेसिसखाली जॅक लावा, मजबूत स्टँड ठेवा, चाकं लोंबू द्या आणि मगच माप घ्या. फोर बाय फोरला पुढचा एक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) यांनाही ब्रीदर असतात. त्यांच्या नळ्या किटमध्ये वेगळ्या देतो.

मोठे टायर आम्ही बसवून देत नाही. समजा मूळ टायर 235/75 आर 15 मापाचा, त्याचा व्यास सुमारे 733 मिलिमीटर, आणि त्याजागी बसवला 31 इंची, त्याचा 787. स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 64 वर असते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. आणि काळ्या रानात मोठ्या टायरचा आणखी एक तोटा आहे: टायर आणि मडगार्ड यांच्यातली जागा कमी होते, त्यात चिखल ठासून बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. चिखलात हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवणं जास्त कामाचं. डांबरी रस्त्याला लागण्याआधी ती परत भरायची. त्यासाठी 12 व्होल्टचा पंप सोबत ठेवा, आणि त्याची वायर थेट बॅटरीला लावा, लायटरच्या सॉकेटला नको.