तुम्ही विचारलंत म्हणून: भावाला सही का नाही दिली?

लग्नात, बारशाला, अगदी एसटीची वाट बघत उभी असले तरी कुणीतरी विचारतंच, "ताई, एकुलता एक भाऊ, त्याला हक्कसोड का नाही दिलंत?" म्हणजे वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा त्याच्यासाठी सोडल्याच्या कागदावर सही. विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात आणि आवाज खाली करून विचारतात. म्हणून एकदा नीट सांगते.

माझं माहेर तासगाव तालुक्यात, थोडी द्राक्षबाग, बाकी जिराईत. लहानपणी ज्वारीच्या पेरणीला बैल वडील हाकायचे आणि चाड्यावर, म्हणजे पाभरीच्या बी सोडायच्या वाटीवर, मूठ आईची असायची, पुढं पुढं माझी. मूठ सोडायला हात बसावा लागतो, जरा सैल सुटली की दाट पडतं, आवळली की तास मोकळा जातो. म्हणजे शेत मला हातानं माहीत होतं. पण पेरणी उरकली की वडील भावाला घेऊन बांधानं फिरायचे, ही आपली हद्द, हा दगड चुलत्यांचा, इथून पाणी घ्यायचं, आणि मी तोवर जेवणाची भांडी पाटीत घालून घराकडं निघालेली असायचे. मला कुणी हाकललं नव्हतं हो. मी जाणारच होते, मग मला दगड कशाला दाखवायचा? आमच्या जमिनीचा गट नंबर मला एकेचाळिसाव्या वर्षी कळला, 2019 ला वडील गेल्यावर, तलाठी ऑफिसात.

लोक म्हणतात बाईची कामं वेगळी, पुरुषाची वेगळी, ते अंगच्या ताकदीवरून पडलंय. मला हे पटत नाही. आमच्या बागेत छाटणीला पुरुषांची टोळी यायची आणि घडाच्या विरळणीला बायका, दोघांच्याही हातात कात्रीच, पण छाटणीवाला कारागीर आणि विरळणीवाली नुसती मजूर. आणि उन्हाळ्यात लांबून डोक्यावर दोन-दोन हंडे आणायचे तेव्हा ताकदीचा विषय कुणी काढत नाही.

माझं म्हणणं असं की आधी जमीन कुणाची हे ठरतं आणि मग बाकी सगळं त्याच्या मागनं येतं. मुलगा इथंच राहणार म्हणून त्याला व्यवहार शिकवायचा, मुलगी दुसऱ्याच्या घरी नांदणार म्हणून तिला भाकरी, खालची मान आणि जुळवून घेणं. म्हातारपणी सांभाळणार मुलगा, म्हणून मुलगाच पाहिजे. आमच्या शेजारच्या साताऱ्यात 2011 ला जिल्हा परिषदेनं 285 मुलींची नावं बदलून दिली, त्यांची नावं नकुशा, नकुशी अशी होती. आईबापाला पोरीची माया नसते असं मी म्हणणार नाही, पण जी जाणार हे आधीच ठरलंय आणि वर लग्नाचा खर्च, तिसरी-चौथी झाली की घर तिला नको म्हणतं, आणि ते नाव शाळेच्या दाखल्यावर सुद्धा चढतं.

आईचं सांगते. तिनं तिच्या तिन्ही भावांना सही दिली होती, हसत हसत, दिवाळीच्या साडीचोळीवर. मी सातवीत असताना वडिलांशी मोठं भांडण झालं आणि ती आम्हा दोघांना घेऊन मामाकडं गेली. चौथ्या दिवशी मामा एवढंच म्हणाला, "पाव्हण्यांचा काय निरोप?" आईनं संध्याकाळी पिशवी भरली. गाव तिला आयुष्यभर सहनशील म्हणायचं. तो शब्द मला तेव्हापासून ऐकवत नाही, कारण ती पिशवी ठेवायला दुसरी जागा नव्हती एवढंच मी बघितलं होतं.

कायदा आपल्या बाजूनं कधीचाच आहे. महाराष्ट्रात 1994 ला मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा हक्क मिळाला, तेव्हा लग्न न झालेल्यांना, 2005 ला देशभर झाला आणि 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा हक्क जन्मानंच आहे, 2005 ला वडील हयात होते की नव्हते ह्यावर तो अवलंबून नाही. तरी 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहिवाटदारांत बायका चौदाच्या आसपास. कारण सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागतं आणि मग महिन्या-दोन महिन्यांत दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात बहिणींना गाडीनं नेऊन आणतात, येताना हॉटेलात जेवण. माझ्यासाठी पण गाडी आली होती. मी आत बसले नाही, भावाला म्हणाले, जमीन तूच कस, पैसे नंतर बघू, पण नाव राहू दे.

दोन वर्षं राखी झाली नाही. ते मला अजून दुखतं, खोटं कशाला सांगू, नागपंचमीला सगळ्या माहेरी निघाल्या की मी दार लावून बसायचे. पण माझ्या दोन्ही पोरी हे बघत होत्या. मी सही दिली असती तर पुढं त्यांनीही अशीच कुणाला तरी दिली असती.

आता येणंजाणं आहे. सगळ्यात जास्त राग वहिनीला होता, वर्षभर माझ्याशी शब्द बोलली नव्हती. मागच्या महिन्यात तिचे वडील वारले. तेराव्यानंतर चार दिवसांनी रात्री साडेदहाला तिचा फोन, मागं टीव्ही मोठ्यानं चालू, आणि ती एकदम हळू, "वन्सं, वारस नोंदीला काय काय कागद लागतात?" मी म्हटलं मृत्यूचा दाखला, आधार, रेशन कार्ड, प्रतिज्ञापत्र आणि सातबाऱ्याचा ताजा उतारा, आणि गट नंबर माहीत आहे का? ती म्हणाली, "नाही ओ."