बदकं सगळ्यांची, फाटक एकाचं : स्टटगार्टच्या भातखाचरांतून

अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी सरकारला द्यावे लागणारे पैसे तसे बेताचे असतात. राज्याचं लायसन्स, आणि सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक शिकाऱ्याला लागणारा केंद्र सरकारचा 'डक स्टॅम्प', म्हणजे शुल्क भरल्याचं तिकीट. १९३४ साली तो एक डॉलरला मिळायचा, आता पंचवीसला मिळतो. खिसा रिकामा होतो तो पुढे, बदक ज्या पाण्यावर उतरतं त्या पाण्यापर्यंत पोचताना. कारण ते पाणी बहुतेक वेळा कुणाच्या तरी शेतात असतं.

डिसेंबरात ऑफिसातल्या एका मित्राबरोबर आर्कान्सा राज्यातल्या स्टटगार्टला गेलो, तेव्हा हा हिशेब जवळून पाहायला मिळाला. मी बंदूक धरत नाही. इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी वाढलो. आमच्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बदकांवर रोखली जाते ती दुर्बीण. मित्राला हे ठाऊक होतं. "तू नुसता बस आणि बघ," म्हणाला.

लिटल रॉकहून स्टटगार्ट तासाभरावर. एकोणिसाव्या शतकात जर्मन लोकांनी वसवलेलं हे गाव स्वतःला भाताची आणि बदकांची जागतिक राजधानी म्हणवतं, आणि तिथे पोचल्यावर ते पटतं. गावात शिरताच राइसलँड या शेतकरी सहकारी संस्थेच्या भाताच्या उंच कोठ्या दिसतात. बदकांना साद घालण्याची जागतिक स्पर्धा १९३६ पासून इथे भरते. अमेरिकेतला जवळपास निम्मा तांदूळ एकट्या आर्कान्सात पिकतो. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यावरून जाणाऱ्या स्थलांतराच्या वाटेने कॅनडाकडून खाली येणाऱ्या मॅलार्ड बदकांना कापणी झालेल्या खाचरांत सांडलेले दाणे आणि वर वीतभर पाणी आयतं मिळतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची धसकटं, बांध आणि पाणी. अधूनमधून झाडांच्या बुंध्यांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे. इथल्या कायद्यात या पट्ट्याला 'आत येऊ नये' या पाटीइतकंच वजन आहे. एकदा नजरेला सवय झाली की ते पट्टे जिकडेतिकडे दिसू लागतात.

मित्राने आणखी तिघांबरोबर एका शेतकऱ्याचं शेत हंगामासाठी लीजवर घेतलं आहे. आपल्याकडे गावतळ्याचा मासेमारीचा ठेका जातो तसाच प्रकार. चौघांत मिळून दहा हजार डॉलर, म्हणजे माणशी अडीच हजार. त्यात मिळतं काय? साठ दिवसांचा हंगाम, खाचरातलं पाणी आणि बांधात गाडलेली लोखंडी पेटी, तिला पिट म्हणतात. काडतुसं, डिकॉय म्हणजे पाण्यावर ठेवायची नकली बदकं, वेडर्स म्हणजे पाण्यात उतरायचे उंच रबरी बूट, कुत्र्याचा सांभाळ हे सगळं निराळं.

पहाटे अंधारात त्या पेटीत उतरलो. आत लाकडी बाकडं, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी, डोक्यावर भाताच्या पेंढ्याने झाकलेलं सरकतं छप्पर. काळी लॅब्रॉडॉर कुत्री फटीतून आकाशाकडे बघत थरथरत होती. थंडीने नव्हे, अधीरतेने. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी गोळीबाराची कायदेशीर वेळ सुरू होते; तोवर सगळे घड्याळाकडे बघत गप्प. मग मित्राने गळ्यातली कॉल, म्हणजे बदकासारखा आवाज काढणारी शिट्टी, ओठांना लावली. लांबवर चाललेला मॅलार्डांचा थवा वळला, डिकॉयवर एक घिरटी घातली, पंख ताठ धरले आणि नारिंगी पाय पुढे काढून खाली येऊ लागला. माझ्यासाठी तो क्षण तिथेच संपला असता तर बरं झालं असतं. पण मित्राचा संयमही सांगायला हवा. कायद्याने माणशी दिवसाला सहा बदकं, त्यात मॅलार्ड चारच. तो नर निवडून मारत होता. तलवार बदकांची एक जोडी आली तेव्हा माझ्याकडे बघून त्याने बंदूक खालीच ठेवली. उजनीवर थंडीत मी ज्यांची वाट बघत असे तीच ही बदकं.

शेतकऱ्याची गाठ दुपारी पडली. सत्तरीचे गृहस्थ, शेडमध्ये पंपाची दुरुस्ती करत बसलेले. भाडं जास्त वाटतं का, असं त्यांनीच मला विचारलं आणि मग स्वतःच हिशेब मांडला. कापणी झाली की पाइपांना फळ्या लावून पावसाचं पाणी अडवायचं, कमी पडलं तर डिझेल जाळून पंप चालवायचे, उंदरांनी पोखरलेले बांध बुजवायचे. या पाण्याचा शेतालाही फायदा आहे. बदकं सांडलेलं धान्य आणि तणाचं बी खातात, धसकट कुजतं, वसंतात नांगरट कमी लागते, माती वाहून जात नाही. "पण भाताचा भाव माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "बदकांच्या भाड्याने डिझेलचं बिल निघतं आणि वर थोडं उरतं." या भागात भूजल इतकं खाली गेलं आहे की शेतकरी तळी खोदून हिवाळ्याचं पाणी साठवतात. अशा मुलखात थंडीत पाणी अडवून ठेवायला कुणी पैसे देत असेल तर त्यात मला काही वावगं वाटत नाही.

त्यांनी पुढे जे सांगितलं ते मात्र मनाला लागलं. ते कसत असलेली बरीचशी जमीन दुसऱ्याच्या मालकीची आहे. त्या तुकड्यांवर शिकारीचा हक्क मालकाने स्वतःकडे ठेवलाय. बांध यांनी राखायचे, पाणी यांनी अडवायचं, आणि बदकांचं भाडं शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात जमा.

मित्राचे आजोबा याच तालुक्यात शिकार करायचे. शनिवारी दार वाजवून विचारायचं, संध्याकाळी दोन बदकं साफ करून मालकिणीला द्यायची, एवढंच भाडं. आता ओकच्या पाणथळ जंगलांतल्या क्लबांचं सभासदत्व विकलं जातं तेव्हा आकडा घराच्या किमतीच्या जवळ जातो, असं मित्राने सांगितलं. गंमत अशी की बदक कुणाच्याच मालकीचं नाही. १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्यामुळे ते विकताही येत नाही. विकला जातो तो फक्त आत जाण्याचा हक्क.

ज्यांना तो परवडत नाही ते बायू मीटोला जातात. स्टटगार्टजवळचं हे राज्याचं पाणथळ जंगल तेहतीस हजार एकरांच्या वर आहे. आम्हीही गेलो. भल्या पहाटे बोटींच्या धक्क्यावर गाड्यांची रांग, हेडलाइटचा झगमगाट, चांगली जागा पकडायला सुटलेल्या मोटारबोटी. वर्षानुवर्षं शिकाऱ्यांसाठी पाणी लवकर अडवून उशिरापर्यंत धरून ठेवल्याने तिथले ओक मरू लागले. त्यामुळे राज्याच्या वन्यजीव विभागाला पाणी भरण्याचं वेळापत्रक बदलावं लागलं. फाटकाबाहेर राहिलेल्या सगळ्यांचा भार अशा मोजक्या सरकारी जागांवर पडतो.

माझी काळजी शिकाऱ्यांपुरती नाही. डक स्टॅम्पच्या प्रत्येक डॉलरमधले अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जमिनी घेण्यावर आणि राखण्यावर खर्च होतात. आजवर साठ लाख एकरांहून जास्त जमीन त्यातून वाचली आहे, आणि तिथे नुसते पक्षी बघणारेही जातात. गावातल्या पोराला बदकाच्या पाण्यापर्यंत जाताच आलं नाही, तर तो उद्या स्टॅम्प कशाला घेईल? भाडं जरूर घ्यावं, पण सगळंच पाणी फाटकाआड गेलं तर ते राखायला पैसे देणारे लोकच उरणार नाहीत.

आर्कान्सात यावर एक वाट निघाली आहे. राज्य सरकार काही भातशेतकऱ्यांना पैसे देतं; त्यांनी कापणीनंतर धसकट तसंच ठेवायचं, पाणी भरायचं आणि त्यातली काही शेतं शनिवार-रविवारी सामान्य शिकाऱ्यांना खुली करायची. कुणाला कुठलं शेत मिळणार हे सोडतीने ठरतं. मी शेतकऱ्याला विचारलं, तुम्ही यात का नाही? ते म्हणाले, स्वतःच्या मालकीच्या चाळीस एकरांसाठी पुढच्या वर्षी अर्ज करणार आहे. कसायला घेतलेल्या जमिनीचं मालकाला विचारावं लागेल. त्यासाठी मालकाला पत्र नीट लिहून देण्याचं काम मित्राने अंगावर घेतलंय, आणि सोडतीत स्वतःचं नावही तो घालणार आहे.