रिपोर्ट काय?

शुक्रवारी पहिला शो सुटला की डिस्ट्रिब्युटरच्या माणसाचा फोन येणार म्हणजे येणारच आणि तो नमस्कार-चमत्कार काही न करता एकच विचारणार, रिपोर्ट काय? म्हणजे पब्लिक काय म्हणतंय. त्याला उत्तर एका शब्दात लागतं, चांगला, बरा नाहीतर पडला, त्यावर पुढच्या आठवड्यात किती शो ठेवायचे ते ठरतं. मी तालुक्याच्या गावातल्या सिंगल स्क्रीनला बरीच वर्षं मॅनेजर होतो. हा शब्द काढायची माझी स्वतःची पद्धत होती, कारण पब्लिक तोंडाने जे सांगतं त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. गेटवर विचारलं की माणूस आधी बरोबरच्या मित्राकडे बघतो आणि मग मत देतो.

माझी पद्धत म्हणजे चपला. स्टॉलमधलं, म्हणजे खालच्या स्वस्त तिकिटाचं पब्लिक बसलं की चपला काढतं, मांडी घालतं. पिक्चर कंटाळवाणा झाला की अंधारात पायाने चपला शोधायला लागतं, तो घासल्याचा आवाज मागच्या भिंतीला उभं राहिलं की बरोबर ऐकू येतो. शेवटाच्या आधी वीस मिनिटं चपला वाजल्या की समजायचं सोमवारपासून हॉल रिकामा. दुसरं म्हणजे इंटरव्हलची घंटा झाल्यावर किती जण पानटपरीवर रेंगाळतात. अर्धा वडा हातात घेऊन माणूस आत पळाला तर पिक्चर चालतो. बाकी पेपरातले स्टार वगैरे सगळं शहरातल्यांसाठी, आमच्याकडे पेपर संध्याकाळी वडे बांधायला यायचा.

तर फँड्री, नागराज मंजुळेंचा पिक्चर. १४ फेब्रुवारी २०१४, व्हॅलेंटाईनचा शुक्रवार. पोस्टरवर पोरगा-पोरगी, ट्रेलरमध्ये काळी चिमणी, आणि अजय-अतुलचं ते विंचवाचं गाणं आधीपासून प्रत्येक रिक्षात वाजत होतं. पब्लिकने ठरवूनच टाकलं होतं की शाळेतलं प्रेम आहे, गाणी आहेत, हसायचं आणि घरी जायचं. बाल्कनीत कॉलेजची जोडपी, दोन-चार मास्तर-मॅडम (हे लोक एरवी आमच्या थिएटरकडे फिरकत नाहीत आणि गावात चांगले पिक्चर लागत नाहीत म्हणून भाषणं देतात), स्टॉलला आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्यात एक गॅरेजवाला होता, पहिल्या दिवशी पहिला शो कधी न चुकवणारा. त्याला हाणामारी लागते, साऊथचे डब केलेले सगळे बघितलेले, आणि हिरोची एंट्री पडदाभर झाली नाही तर तो तिथेच ओरडून निषेध नोंदवतो.

इंटरव्हलपर्यंत सगळं छान चाललं होतं. जब्या म्हणजे दलित घरातला शाळकरी पोरगा, तो वरच्या जातीतल्या शालूकडे बघतो, पोरं शिट्ट्या मारतात, चिमणीच्या मागे तो पळतो तर पब्लिकही त्याच्या बाजूने. टपरीवर कोणी रेंगाळलं नाही. मी मनात ‘चांगला’ लिहून टाकला.

मग डुकरं पकडायचा तो मोठा सीन आला. ज्यांनी बघितलाय त्यांना माहिती आहे, जब्याचं अख्खं घर डुकरामागे धावतंय आणि गावातले लोक बसून मजा बघतायत, हसतायत, टोमणे मारतायत. आणि आमचा हॉलही हसत होता. म्हणजे पडद्यावरचे हसले की हे हसायचे, एकदम तालात. मी मागे उभा होतो. स्टॉलच्या डाव्या बाजूला पाच-सहा पोरांची एक ओळ होती, ती हसत नव्हती. गाव लहान आहे, कोण कुठल्या आळीतला हे तिकीट फाडतानाच कळतं, त्यामुळे ती पोरं का हसत नाहीत हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पुढच्या रांगेतला एक जण हसता हसता मागे वळला, बहुतेक बाकीचे किती हसतायत ते बघायला, आणि त्याची त्या पोरांशी नजरानजर झाली. तो परत पुढे वळला. नंतर हसला की नाही ते मला मागून दिसलं नाही.

त्याच सीनमध्ये शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, डुक्कर पकडायला निघालेले सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. महाराष्ट्रात शोच्या आधी राष्ट्रगीत लावतातच, लोकांना उभं राहायची सवय, त्यामुळे हॉलमध्ये निम्मे लोक उभे राहिले. आमचे डोअरकीपर मामा तर बॅटरी मांडीला चिकटवून सावधान. मागचे ओरडायला लागले, ‘अय बस की खाली’, पुढचे म्हणतात राष्ट्रगीत आहे, तुम्हीच उठा. पिक्चरच्या गोष्टीत राष्ट्रगीत आलं तर उठायची गरज नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं, तेव्हा कोणाला काय ठाऊक. पडद्यावर ते उभे, खाली हे उभे, कोणी हसायचं कोणी गप्प बसायचं काही कळेना. इतकी वर्षं पिक्चर दाखवले, पण लोकांची अशी पंचाईत झालेली परत कधी बघितली नाही.

आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो दगड सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्या अंगावर येतो आणि पडदा काळा.

चपला वाजल्याच नाहीत! म्हणजे माझ्या हिशोबाने सुपरहिट. पण बाहेर बुकिंग खिडकीवर भांडण. गॅरेजवाला आणि त्याच्यामागे दहा-बारा जण, म्हणे गाणं कापलंत तुम्ही, पैसे परत द्या. आता हा आरोप अगदीच हवेतला नव्हता, पेटीतून रिळं यायची त्या काळात शेवटचा शो लवकर सुटावा म्हणून काही ऑपरेटर गाणं उडवायचे आणि पब्लिकच्या ते पक्कं लक्षात आहे. पण डिजिटलमध्ये फाईल लॉक असते, आम्हाला एक सेकंदसुद्धा कापता येत नाही, आणि ते गाणं मुळात पिक्चरमध्ये नव्हतंच, नुसतं जाहिरातीसाठी केलेलं. हे समजावता समजावता माझा घसा बसला. त्यात पिक्चर पावणेदोन तासांचा, तर ‘अर्धाच दाखवला’ हेही वर. मास्तर लोक पायऱ्यांवर उभे राहून म्हणाले विषय चांगला आहे हो, पण इतकं दाखवायला नको होतं. म्हणजे ज्यांना चांगला पिक्चर हवा होता त्यांना तो जरा कमी चांगला हवा होता. ती डावीकडची पोरं कोणाशी न बोलता गेली, फक्त एकाने पोस्टरखालची शोची वेळ बघितली आणि संध्याकाळच्या शोला घरच्यांना घेऊन आला, त्याची आई थिएटरमध्ये पहिल्यांदा आली असावी, कारण खुर्ची खाली करून बसायची असते हे मामांनी दाखवलं.

फोन आला. रिपोर्ट काय? मी म्हटलं, एकही माणूस शेवटपर्यंत उठला नाही आणि आता पैसे परत मागतायत. तो म्हणाला शेठ, एका शब्दात सांगा. मी म्हटलं एका शब्दात नाही बसत. त्याने ‘मिक्स’ लिहिलं. असल्या माणसाच्या हातात कुठला पिक्चर किती दिवस राहणार हे असतं, त्याने तो पिक्चर बघितलेला तरी असतो का देव जाणे.

२९ एप्रिल २०१६ ला त्याच नागराज मंजुळेंचा सैराट लागला. जवळजवळ तीन तास, आणि ह्यावेळी गाणी खरंच आत होती. झिंगाटला पब्लिक पडद्यासमोर, आमच्या खुर्च्या मोडल्या तरी मालक खूश. शेवट फँड्रीपेक्षा कितीतरी भयंकर, पण पैसे परत मागायला एक माणूस आला नाही. जे गाणं ऐकून आले होते ते मिळालं होतं, त्यामुळे पुढचं त्यांनी मुकाट्याने घेतलं असं माझं मत आहे. रिपीट पब्लिकची तर गंमत, शेवटची दहा मिनिटं यायच्या आधी चपला घालून बाहेर. फोनवाला घाबरला, लोक उठून जातायत म्हणजे पडला का? मी म्हटलं उद्या परत येतात बघ, आणि आलेही.

सैराट चालल्यावर गावात जो भेटेल तो सांगायला लागला की फँड्री बघूनच मी ओळखलं होतं, माणूस मोठा होणार. खिडकीवर माझी कॉलर धरायची बाकी ठेवलेले हेच. मास्तरांनी तर शाळेत त्यावर कार्यक्रम घेतला. गॅरेजवाल्याला मी मध्ये गाडीचं ऑईल बदलताना मुद्दाम विचारलं, आता काय वाटतं? तो गाडीखालूनच म्हणाला, नाही आवडला. गाणं नव्हतं, आणि दगड मला कशाला मारला, मी तर हसलोच नव्हतो.

तो हसला होता की नाही, मला आठवत नाही. मी त्या वेळी डावीकडे बघत होतो.