नवऱ्याशेजारी जागा होती

मी फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणाऱ्या संस्थेत, नोकरी करते म्हटल्यावर आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न, "भीती नाही वाटत?" आणि दुसरा, "भटजी मिळतील का तुमच्याकडे?" मढ्याची भीती पहिल्या महिन्यातच जाते. कागदांची काही जात नाही, कारण कागद चुकला तर अख्खं कुटुंब आमच्या ऑफिसात ताटकळत बसतं.

मी अमेरिकेत व्हर्जिनियात असते, त्यामुळे लष्करातले मयत रोजचेच. त्यात दोन वाटा असतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. देशभरातल्या बहुतेक राष्ट्रीय दफनभूमी माजी सैनिकांच्या खात्याकडे आहेत. सेंट लुइसच्या कचेरीला फोन करायचा, सेवामुक्तीचा कागद पाठवायचा, फार न रखडता तारीख मिळते. वॉशिंग्टनजवळची आर्लिंग्टनची राष्ट्रीय दफनभूमी मात्र थेट आर्मीच्या ताब्यात. तिथे जमिनीत पुरायचं तर पेन्शनीत निघालेला हवा, नोकरीत असताना गेलेला हवा किंवा मोठं पदक हवं. नुसती सन्मानाने केलेली सेवा असेल तर फक्त अस्थी, त्याही संगमरवरी भिंतीतल्या कोनाड्यात. शिवाय तारखेसाठी महिनोन् महिने थांबायचं, आणि तोवर देह सांभाळायचा आम्ही. पेटी मधूनमधून उघडून चेहरा आणि हात बघायचे, कारण बोटांची टोकं आधी सुकतात. या कामात माझा हात चांगला आहे. कौतुक कोणी करत नाही, म्हणून इथे मीच लिहून ठेवते.

त्या बाई नव्वदी ओलांडून गेल्या. लेक आणि मुलगा दोघंही साठीच्या पुढचे. लेकीने बुटांचं एक खोकं आणलं होतं. त्यात आईचं उड्डाणाचं लॉगबुक, एक फोटो आणि सेवामुक्तीचा कागद. सेवा संपली डिसेंबर १९४४ मध्ये आणि कागद १९७९ नंतरचा! मला लगेच कळलं. बाई 'वास्प' होत्या.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलाने बायकांना वैमानिक म्हणून घेतलं होतं, त्यांनाच वास्प म्हणत. पंचवीस हजारांवर अर्ज आले, टेक्सासात, मुख्यतः स्वीटवॉटरला, प्रशिक्षण पुरं केलं १,०७४ जणींनी. कारखान्यातून विमानं तळावर पोचवायची, दुरुस्त झालेली उडवून बघायची आणि शेपटीला कापडी निशाण बांधून नवशिक्या तोफचींसमोरून जायचं. गोळ्या खऱ्या असायच्या. आमच्या बाई हे निशाण ओढायच्या. ३८ जणी मेल्या. पण हुद्दा सिव्हिलियन, म्हणून सरकारने ना पेटीवर झेंडा दिला, ना देह घरी पाठवायचा खर्च. मैत्रिणींनी वर्गणी काढून मैत्रिणीला घरी पोचवलं.

माजी सैनिक म्हणून मान्यता मिळाली १९७७ च्या कायद्याने, तीही माजी सैनिकांच्या खात्यापुरती. आर्लिंग्टनने २००२ पासून त्यांच्या अस्थी घ्यायला सुरुवात केली. मार्च २०१५ मध्ये आर्मीचे सचिव जॉन मॅकह्यू यांनी ते बंद केलं: तो कायदा दुसऱ्या खात्याचा, आमच्या दफनभूमीला लागू नाही. पुढच्याच महिन्यात एलेन हार्मन नावाच्या एक वास्प वारल्या, ९५ व्या वर्षी. आर्लिंग्टन हीच त्यांची इच्छा. घरच्यांनी अस्थी कपाटात ठेवल्या, नातींनी सह्यांची मोहीम काढली, आणि मार्था मॅकसॅली नावाच्या, स्वतः लढाऊ विमान चालवलेल्या खासदार बाईंनी विधेयक आणलं. मे २०१६ मध्ये ओबामांची सही झाली आणि सप्टेंबरात हार्मन आर्लिंग्टनला पोचल्या.

त्यामुळे लेकीला वाटत होतं, प्रश्न मिटलेला आहे. माझ्याही साहेबांना तसंच वाटत होतं. त्यांना कायदे पेपरातल्या मथळ्यापुरतेच माहीत असतात. मी मूळ मजकूर काढून दाखवला. त्यात शब्द आहेत 'दहन केलेले अवशेष'. पेटीबद्दल अक्षर नाही.

आणि आईची एकच अट होती: मला जाळायचं नाही.

कारण लेकीने सांगितलं. १९४३ च्या ऑगस्टात नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प डेव्हिस तळावर मेबल रॉलिन्सन नावाची वास्प रात्रीच्या सरावात विमानासकट कोसळली. कॉकपिटचं झाकण आतून उघडेना, विमानाने पेट घेतला. आई तेव्हा तिथे नव्हती, पण त्या तळावरून आलेल्या मैत्रिणींकडून तिने ते ऐकलं होतं, आणि म्हातारपणी ते पुन्हापुन्हा बोलायची.

मी अशा घरातली, जिथे अग्नी दिला नाही तर माणसाचं काहीतरी राहून गेलं असं मानतात. त्या क्षणी काय बोलावं सुचेना.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "पण बाबा आर्लिंग्टनलाच आहेत." वडील हवाई दलातून पेन्शनीत निघालेले, नव्वदच्या दशकात गेलेले, जमिनीत पुरलेले. म्हणजे त्याच खड्ड्यात बायकोची जागा होतीच. पहिली पेटी त्यासाठीच खोल उतरवतात. पेटीसकट, दहन न करता, बाईंना तिथे जाता येत होतं. फक्त अमक्याची पत्नी म्हणून! नाव दगडाच्या मागच्या बाजूला. त्याच बाई स्वतःच्या उड्डाणांच्या जोरावर गेल्या तर आधी राख होऊन यावं लागणार.

हे मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात सांगितलं. लेक ताडकन उठली. "समोरचा दगड बाबांचा आणि पाठ तिची?" मुलगा म्हणाला, तिला बाबांजवळ जायचं नसतं तर तिने तसं सांगितलं असतं. दोघांचंही खरं होतं. आईने जाळू नका एवढंच सांगितलं होतं, कुठे पुरा ते सांगितलंच नव्हतं.

साहेबांचं म्हणणं, आर्लिंग्टनला जागा कमी पडतेय, नियम हवाच. जागा कमी पडतेय हे मलाही दिसतं. पण हजारभर बायकांतल्या हयात किती, त्यातल्या पेटीतून जाणाऱ्या किती? हा हिशेब जागेचा नाही.

शेवटी क्वांटिको ठरलं. तीही राष्ट्रीय दफनभूमी, पण माजी सैनिकांच्या खात्याची, म्हणून पेटी चालते आणि थडगं स्वतःचं मिळतं. झेंड्याचा फॉर्म भरून पोस्टातून झेंडा आणला, साडेनऊ फूट लांब. ताऱ्यांचा निळा भाग मृताच्या डाव्या खांद्यावर येतो. पेटीवर तो मीच नीट लावला, कारण आमच्या नव्या पोराने उलटा धरला होता. हवाई दलाचे दोघे जण आले, बिगुलावर टॅप्स ही निरोपाची धून वाजली, झेंड्याची तेरा घड्यांची त्रिकोणी गुंडाळी लेकीच्या हातात गेली. मुलगा मागच्या रांगेत उभा होता.

परतताना त्याने मला विचारलं, बाबांच्या वरची ती जागा आता कोणाला देतील का? म्हटलं, सहसा नाही. ती तुमच्या घरचीच.

"मग रिकामीच राहणार," तो म्हणाला, आणि बिल कोणाच्या नावावर करायचं ते विचारू लागला. दोघांच्या नावावर अर्धं अर्धं केलं. लेकीचा अर्धा चेक त्याच आठवड्यात आला, त्याचा मात्र दोनदा आठवण केल्यावर.