एबीसी ट्रेडर्सची उधारी

एबीसी ट्रेडर्स ही देशातली सगळ्यात सुखी पेढी असावी. तिथे माल नगावर येतो, नगावर जातो, बिल गोल दहा हजारांचं होतं आणि पैसे त्याच दिवशी बँकेत जमा. माल परत येत नाही, चेक न वटता फिरत नाही, दिवाणजी मेव्हण्याच्या लग्नाला गेले म्हणून चार दिवसांच्या नोंदी खोळंबत नाहीत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा रोड शो संभाजीनगरला जालना रोडवरच्या हॉटेलात भरो, लातूरला भरो की नांदेडला, पडद्यावर नमुना म्हणून दुकान उघडतं ते या कल्पित एबीसीचंच. समोर बसलेले असतात मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडते, दालमिलवाले, खत-बियाण्यांचे दुकानदार. एवढी सुबत्ता बघून त्यांचे डोळे मिटायला लागतात. एसीचाही थोडा हात असतो म्हणा.

असे कार्यक्रम ठेवणाऱ्यांना दिवस निवडता येत नाही, हे एक नेहमीचं दुखणं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन, जानेवारीत तूर. आवकेच्या दिवसांत मोंढ्यातला माणूस गादी सोडत नाही. खरं तर अमावस्या धरावी, त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी सौदे निघत नाहीत. पण नव्या उत्पादनाचा शुभारंभ अमावस्येला करायला पुण्या-मुंबईचे साहेब तयार होत नाहीत. तेही बरोबरच.

तर एबीसी. तिला जागेवर आणायचं असेल तर डेमो देणाऱ्या मुलाला एकच विनंती करावी: शेतकऱ्याची हिशेबपट्टी करून दाखवा. तूर, सात पोती, बारदान वजा जाता ४ क्विंटल १८ किलो ५०० ग्रॅम, भाव क्विंटलला ७,२००. मालाचे झाले ३०,१३२ रुपये. त्यातून हमाली, तोलाई आणि पेरणीच्या वेळी दिलेली उचल वजा, बाकी निव्वळ. एवढं साधं. पण वजनाच्या रकान्यात दोनच दशांश ठेवलेले असतात, त्यामुळे ४.१८५ चं ४.१९ होतं आणि पट्टी ३०,१६८ ची निघते. छत्तीस रुपये आडत्याच्या अंगावर. तेच वजन ४.१८४ असतं तर ते ४.१८ झालं असतं आणि शेतकऱ्याचे २९ रुपये गेले असते. मग गादीसमोर जे ऐकायला मिळतं ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: सॉफ्टवेअरमध्ये वजनाचं एकक तयार करतानाच दशांश तीन ठेवायचे. पण हे पहिल्या दिवशी सांगावं लागतं. नोंदी झाल्यावर एकक बदलायला गेलं की जुन्या पट्ट्या आणि नवा साठा यांचं जमत नाही.

दुसरा प्रश्न दालमिलवाल्यांनी विचारायचा. १८ जुलै २०२२ पासून आधीच भरलेल्या, लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या डाळीच्या पिशवीवर ५ टक्के जीएसटी बसला. तीच डाळ ३० किलोच्या पिशवीत भरली की कर नाही, सुटी विकली तरी नाही. म्हणजे डाळ एक, चाळणी एक, बिलात मात्र वेगवेगळ्या वस्तू. डेमोत ‘तूरडाळ’ या एकाच नावाला एकच दर चिकटवलेला असतो. पिशवीनिहाय वेगळ्या वस्तू करा म्हटलं की मुलगा लॅपटॉपवरून मान वर काढून मागे उभ्या असलेल्या वरिष्ठांकडे बघतो.

वरिष्ठ मग भीतीच्या स्लाइडवर येतात. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं, असं मोठ्या लाल अक्षरात. सक्ती खरी आहे, पण ती कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना. काका-पुतण्यांच्या भागीदारीला किंवा एकट्याच्या आडत दुकानाला ती लागू नाही. सोय म्हणून घ्यायची तर घ्यावी, धाकानं घेऊ नये. ई-इन्व्हॉइसचं, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाचंही तसंच. वार्षिक उलाढालीची ५ कोटींची मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून आहे, पण ते बिल व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याला विकलेल्या करपात्र मालाचं. गिऱ्हाइकाला दिलेल्या किरकोळ पावतीचं नव्हे.

आता नावांचं. पडद्यावर सगळी खाती इंग्रजीत असतात आणि तिथे कऱ्हाळे आणि कराळे यांची स्पेलिंगं एकमेकांत मिसळतात. एका नावाची दोन खाती होतात किंवा दोन माणसांचं एक. म्हणून ‘कऱ्हाळे’ देवनागरीत टाइप करायला लावावं, मग शोधून दाखवायला सांगावं, मग छापायला. टाइप होतं. शोधताना, यादी जुन्या फॉन्टमधून आणलेली असेल तर सापडत नाही, कारण जुन्या फॉन्टच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात. युनिकोड करून घ्यावं लागतं. आणि छापताना मोंढ्यातला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर देवनागरी चित्रासारखी ओळ ओळ काढतो. तीन प्रतींची पट्टी निघेपर्यंत शेतकऱ्याचा चहा पिऊन होतो.

तांबड्या कापडात बांधलेल्या वह्या असायच्या तेव्हा रात्री रोजमेळ जुळला नाही तर दिवाणजी उठत नसत. आठ आण्यांसाठी कंदील जळायचा. त्या चिडचिडीत निम्म्या चुका सापडून जात. संगणकात मेळ जुळतोच. कऱ्हाळ्यांचे पैसे कराळ्यांच्या खात्यावर टाकले तरी नावे-जमा बरोबरच येतं आणि ताळेबंद छान हसतो. चूक कळते ती थेट पुढच्या हंगामात, उचल मागायला माणूस समोर उभा राहतो तेव्हा. लक्ष्मीपूजनाला आता लॅपटॉपला हळदकुंकू वाहतात. ते कीबोर्डच्या फटीत जाऊ देऊ नये, एवढंच.

जेवणाची घाई सुरू व्हायच्या आत दोन गोष्टी मात्र उरकून घ्याव्यात. बॅकअप घेऊन दाखवा असं म्हणू नये, तो सगळेच घेतात. तो दुसऱ्या फोल्डरमध्ये परत उघडून दाखवा म्हणावं. चालू डेटावरच उघडला तर बॅकअपनंतरच्या नोंदी पुसल्या जातात, आणि हे नेमकं मार्चअखेरीस घडतं. दुसरं, वार्षिक वर्गणी थांबवली तर जुन्या नोंदी निदान बघता तरी येतील का, ते लेखी घ्यावं. जीएसटीच्या कायद्यानं हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. कंपनीचा सेल्समन तेवढा काळ त्या कंपनीत नसतो.

मग अभिप्रायाचा फॉर्म येतो. त्यावर मोबाइल नंबर लिहिला की ‘सर, काही ठरलं का?’ असे फोन जेवणाच्या वेळा साधून येत राहतात. जाणकार म्हणतात, एक आकडा चुकवून लिहावा. पण त्याच फॉर्मवर सोडत असते, आणि प्रेशर कुकर लागला तर कळवणार कुठे?